माझ्या डाव्या गुडघ्याचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना, पत्र्याचा यंत्रमानव आहे. नुसते उभे राहणे एवढेच आता माझे काम उरले आहे आणि तेच मला जमत नाही. आत्ता मला चित्रपटगृहाच्या दाराशी जाहिरातीसाठी उभे केले आहे. आत आमच्या चित्रपटाच्या तिसऱ्या भागाचा पहिला खेळ चालू आहे. तो पहिल्याच्या तोडीचा झाला की दुसऱ्यासारखा त्याचाही पचका झाला, हे बंद दाराबाहेर कळत नाही. माझ्या जिवाला नुसता घोर लागला आहे. तेवढा वेळ जावा म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगतो.

मला घडवले पत्रेकाकांनी. ते डबे आणि बादल्या करत. चित्रपटाच्या दिग्दर्शिकेला सगळे ताई म्हणत. त्या काकांच्या कारखान्यात आल्या आणि आठ दिवसांत आकाशातून आलेला यंत्रमानव मागू लागल्या. काकांनी बादलीचे डोके केले, टाकीची छाती केली आणि डोळ्यांच्या जागी सायकलचे दिवे बसवले. उजव्या गुडघ्याला नवी बिजागरी लागली. डाव्यासाठी दुसरी मिळेना, तेव्हा त्यांनी घरच्या फाटकाचीच काढली. माझ्या आत शिरून चालायलाही कोणी तयार होईना. मग काकांनी स्वतःच्या जावयालाच पत्र्यात कोंबले. जावईबापूंचा एवढा मानपान कोणी केला नसेल!

मी पहिले पाऊल टाकले आणि डावा गुडघा वाजला. कुर्र-टक. काका ओशाळून तेलाची बुधली घेऊन धावले.

"थांबा काका, हात लावू नका!" ताई ओरडल्या. "हा आवाज मला हवाय."

त्या चित्रपटात एक मुलगी दाट धुक्यात हरवते. समोरचे काही दिसत नाही. मग लांबून कुर्र-टक ऐकू येते आणि तिला कळते, आपला माणूस आला. माणूस म्हणजे मी. तेव्हा सारे चित्रपटगृह श्वास रोखून बसायचे. मुले रस्त्याने पाय ओढत कुर्र-टक करत जायची. मला फार अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

मग दुसरा भाग आला. निर्माते म्हणाले, आता सगळे मोठे हवे. त्यांनी संगणकावर माझ्यासारखाच एक चकचकीत यंत्रमानव काढला. तो उडायचा, इमारती पाडायचा आणि त्याला गुडघाच नव्हता. पहिल्या दिवशी रांगा लागल्या, पण नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत. लोक बाहेर पडताना एकच म्हणत, "पहिल्याची सर नाही." खोटे कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. नंतर मात्र वाईट वाटले, कारण आमच्या ताई मान खाली घालून गेल्या.

मी काकांच्या कारखान्यात कोपऱ्यात पडलो होतो. पडलो होतो म्हणजे दुर्लक्षित नव्हतो हो. काका दर आठवड्याला मला पुसायचे, गंज खरवडायचे. अशी दहा वर्षे गेली.

एके दिवशी ताई धावतपळत आल्या. निर्मात्यांनी तिसऱ्या भागासाठी अट घातली होती. आठ दिवसांत तो आवाज आणला तर जुना यंत्रमानव, नाहीतर संगणकावरचा. मी त्यांच्याच मालकीचा, तेव्हा मग मला भंगारात काढायचे. पहिल्या चित्रपटातला आवाज संगीतात असा मिसळला होता की सुटा काढता येत नव्हता. जावईबापू पोट आत ओढून माझ्यात शिरले. त्यांनी पाऊल टाकले. काहीच वाजले नाही.

काकांचे लक्ष तेलाच्या बुधलीकडे गेले. "मीच तेल घालत होतो," ते म्हणाले. "दर आठवड्याला. त्याचा गुडघा दुखत असेल असं वाटायचं मला."

मित्रांनो, ज्याने जीव लावला त्याच्याच हातून हे झाले होते. मी त्याला काय बोल लावणार? आम्ही गुडघा रॉकेलने धुतला, मिठाच्या पाण्यात भिजवला, बिजागरीत वाळूही कोंबली. ती फक्त खरखरली. सात दिवस असे गेले आणि माझा भंगाराचा दिवस जवळ आला.

आठव्या दिवशी काका म्हणाले, "शेवटचं एकदा चालवा." त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि कान टवकारले. जावईबापू मला घेऊन हळूहळू सारा कारखाना ओलांडून त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"निघाला का तो?" काकांनी विचारले.

"काका, तो तुमच्यासमोर उभा आहे," ताई म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. "मग मला कसं कळलं नाही?" असे म्हणून ते लहान मुलासारखे रडू लागले.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या तडक निर्मात्यांकडे गेल्या. "आवाज नाही मिळाला," त्यांनी सांगितले, "पण गोष्ट मिळाली. यंत्रमानव परत येतो. त्याचा गुडघा आता वाजत नाही. मुलगी धुक्यात उभी आहे आणि तो शेजारी येऊनही तिला कळत नाही." निर्माते शेवटी हो म्हणाले.

तोच प्रसंग आत्ता आत चालू असणार. काकाही आत बसले आहेत. माझ्या बादलीत नाही नाही ते विचार घोळत आहेत. आत एवढी शांतता का? लोक कंटाळले का? झोपले का?

थांबा. ऐकलेत? कोणीतरी जिभेने आवाज काढला. कुर्र-टक. आता दुसऱ्या कोणीतरी. आता सगळे चित्रपटगृहच पाय ओढते आहे, मित्रांनो! पडद्यावरच्या त्या मुलीला लोक सांगताहेत, अगं वळून बघ, तोच आहे! आणि त्या गलक्यात काकांचा घोगरा आवाज मला ओळखू येतो आहे, सगळ्यांत मोठा.

तिसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का? खेळ सुटल्यावर लोक काय म्हणायचे ते म्हणोत. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. आपल्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना तेलही घाला. पण तेल घालण्याआधी एकदा कान लावून ऐका.