तिसरी पिन

चार्जर लावला की माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड आपोआप अक्षरं टाइप करायचा. काढला की शहाण्यासारखा वागायचा. वैतागून मी लिनक्स दोनदा नव्याने टाकलं, कीबोर्डही बदलला. फरक शून्य. आज ऑफिसात मैत्रिणीचा चार्जर लावला, तर सगळं सुरळीत. म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

घरी येऊन माझ्या चार्जरचा प्लग निरखला. तीनपैकी एक पिन मुळापासून कापलेली.

"बाबा, ही कुणी कापली?"

"मी," पेपरातून डोकं न काढता बाबा म्हणाले. "आपल्या बोर्डाला दोनच भोकं. ती उगाच आडवी येत होती."

"अहो बाबा, तिच्यातूनच अर्थिंग मिळतं. ते नसलं की कीबोर्ड असा वेड्यासारखा वागतो, शॉकही बसतो."

पेपर हळूहळू खाली आला.

"मग फ्रिजचं काय करायचं?"