पाण्यावर न घेतलेले आडनाव

सकाळी आठ वाजता मी घाट सोडला आणि एक प्रवासी काठावरच राहिला. त्याच्याकडे तिकीट होते. माझ्या मधल्या फळीवर त्याची जागाही रिकामी होती. मी वळणापाशी पोचले तेव्हा तो घाटाच्या पायरीवर टोपी हातात धरून उभा होता.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. चीनमधल्या सूचौ शहरात, सावकाश बागेच्या पाण्याकडच्या दारापासून वाघटेकडीच्या पायथ्यापर्यंत मी पाहुण्यांना फिरवते. तो प्रवासी मागे राहिल्यापासून माझे काय करायचे, हा प्रश्न निघाला आहे. मला पाण्यात ठेवायचे, की तळाला भोके पाडून, आत माती भरून, बागेच्या दाराशी माझी फुलझाडांची कुंडी करायची? हा निर्णय व्हायच्या आत मला माझी हकीकत सांगायची आहे.

माझा जन्म ताय सरोवराच्या काठी झाला. सुताराने हलक्या, सरळ रेषांच्या फळ्या निवडून माझे अंग बांधले. ताग, चुना आणि टुंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल एकत्र कुटून त्याने माझे सांधे भरले. मग तेच तेल माझ्या अंगाला इतके चोळले की पावसाचे थेंब माझ्यावर गोळी होऊन बसत. सुरुवातीची वर्षे मी शिंगाडे, कमळकाकड्या आणि ओले मखाणे बाजारात नेत असे. चिखलाचा वास माझ्या अंगाला मुरला होता, पण कामाचा कंटाळा कधी आला नाही.

पुढे सरोवराला लागून डांबरी रस्ता झाला आणि शिंगाडे ट्रकने जाऊ लागले. मला बोरूच्या बेटात बांधून माझा मालक निघून गेला, तो परत आला नाही. त्या काळात माझ्याकडे नेमाने येणारे एकच होते, एक बदक. ते दरवर्षी माझ्यात अंडी घालत असे.

मग एके दिवशी सावकाश बागेच्या घाटासाठी जुन्या होड्या शोधत माणसे आली आणि मी पुन्हा पाण्यात उतरले. आता माझ्या डोक्यावर छत आले आणि फळ्यांवर निळ्या कापडाच्या गाद्या आल्या. माझ्या मागच्या टोकाला एकच लांब वल्हे असते. ते उभ्याने, पाण्यात डावी-उजवीकडे झुलवत मारायचे. आधी ते एका म्हाताऱ्या नावाडणीच्या हातात होते. ती थकल्यावर तिची सून लू शिंगबाओ उभी राहिली. आज शिंगबाओचेही केस पिकले आहेत.

तुम्ही कधी माझ्यात बसलात तर तुम्हाला काय दिसेल? कमानींचे पूल येतात आणि सगळी डोकी एकदम वाकतात. बागेच्या भिंतीतले गोल दार दिसते, त्यातून तळ्यावरचा नागमोडी पूल दिसतो. भोकाभोकांचे उंच दगड दिसतात. कुणाला त्यांत सिंह दिसतो, कुणाला म्हातारा, आणि परवा एका तरुणाला आपली सासू दिसली. बायकोने त्याला पुढच्या पुलापर्यंत बोलू दिले नाही. शेवटी टेकडीवरचा कललेला मनोरा येतो, आणि फोन हातात असलेली माणसेही क्षणभर फोटो काढायचे विसरतात.

आता ते आडनाव सांगते, ज्याच्यापायी हे सगळे घडले.

पाण्यावरच्या माणसांना काही शब्द वर्ज्य असतात. होडीत जेवताना माशाची एक बाजू संपली की ते मासा 'उलटा' करा असे म्हणत नाहीत. 'वळवा' म्हणतात, आणि तेही हळूच. आणि एक आडनाव आहे, चेन. या भागात दर गल्लीत चार घरे त्या आडनावाची निघतील. पण आमच्या बोलीत त्या आडनावाचा उच्चार आणि 'बुडणे' या शब्दाचा उच्चार अगदी सारखाच आहे. म्हणून चेन मंडळी होडीत बसली की नावाडी त्यांना 'कान-पूर्व' म्हणतात. ते अक्षर लिहिताना डावीकडे कानाची खूण येते आणि उजवीकडे पूर्व दिशेची. लिहिता-वाचता येणाऱ्याला हे लगेच कळते. चेन मंडळीही हसून हात वर करतात.

घाटावर तिकिटे नावानिशी निघतात, आणि होडी सोडण्यापूर्वी होडीतूनच सगळी नावे मोठ्याने घ्यायची असा नियम आहे. त्या सकाळी शिंगबाओने माझ्या टोकावर उभे राहून नावे घेतली. वांग आले, कू आले. मग ती म्हणाली, "कान-पूर्व! कान-पूर्व कुठे आहेत?"

कुणी पुढे आले नाही. तिने पुन्हा विचारले. मागे दुसरी होडी थांबली होती. शिंगबाओने दोर सोडला.

मागे राहिलेले आजोबा सातासमुद्रापलीकडून, पेरू देशातल्या लिमा शहरातून आले होते. त्यांचे वडील सूचौचे. आजोबांना घरात ऐकलेले चिनी बोलता येत होते, पण एकही अक्षर लिहिता-वाचता येत नव्हते.

दुसऱ्या होडीवरची नावाडीण फांगदी हिने त्यांना पायरीवर पाहिले. "अहो आजोबा, तुमचंच नाव घेतलं की तिनं! गेला का नाहीत?"

"माझं? ती तर कान कान करत होती," आजोबा म्हणाले. "मला वाटलं, आत कुणाला तरी ऐकू येत नाहीये."

"मग माझ्या होडीत चला."

"दहाची गाडी आहे, पोरी. तुझी फेरी संपेपर्यंत ती निघून जाईल." ते घाटावरून वाघटेकडीच्या दिशेला पाहत राहिले. झाडांमुळे इथून मनोरा दिसत नाही. "वडील सांगायचे, मनोरा रस्त्यावरून बघू नकोस, पाण्यावरून बघ. राहिलं."

मी फेरी करून परतले तेव्हा फांगदीने हे शिंगबाओला जसेच्या तसे सांगितले. शिंगबाओ वल्हे टाकून मोठ्या रस्त्यापर्यंत पळत गेली. आजोबा गेले होते. ती परत आली, माझ्या काठावर बसली आणि त्या दिवशी जेवली नाही.

आजोबांनी तक्रार केली नाही. त्यांच्या पुतण्याने केली. ती घाटाच्या नव्या व्यवस्थापकाकडे आली. हा माणूस उत्तरेकडचा, शिस्तीचा, पाण्याला थोडा बिचकणारा. आणि त्याचे नाव चेन लीचुन.

"लूताई," तो घाटावर येऊन म्हणाला, "आमच्या आडनावाशी तुमचं वैर काय आहे?"

"वैर कसलं साहेब? माझी भावजय त्याच आडनावाची आहे. घरी दिवसातून दहादा घेते."

"मग इथं का नाही?"

"इथं खाली पाणी आहे."

तो हसला नाही. "एक म्हातारा माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून आला आणि तुमच्या एका शब्दामुळे मागे राहिला. हे बरोबर झालं?"

"नाही झालं," शिंगबाओ म्हणाली. "ते माझ्यामुळे झालं. पुन्हा होणार नाही."

"म्हणजे आडनाव घ्याल?"

"माणूस मागे राहू देणार नाही, असं म्हणाले मी."

मग त्याने स्पष्ट सांगितले. गुरुवारी तो स्वतः प्रवासी म्हणून येईल. सगळे बसल्यावर, होडीतूनच, प्रत्येकाचे नाव जसे तिकिटावर आहे तसे घेतले गेले पाहिजे. नाही तर मला पाण्याबाहेर काढायचे आणि शिंगबाओला तिकीटखिडकीवर बसवायचे. माझ्या जागी विजेवरची होडी येणार होती. तिला वल्हे नाही आणि नावाडणही लागत नाही, बटण दाबणारा कुणीही चालतो.

संध्याकाळी फांगदी शेंगा सोलत माझ्यात येऊन बसली. "अगं, शब्द तो केवढा! खोकल्यात मिसळून म्हणून टाक."

"खोकल्यात मिसळला तर त्या आजोबांना कळला असता?"

"मग स्पष्ट म्हण."

"होडीत नाही म्हणणार."

"मग बस कुंडीला पाणी घालत!"

"घालीन. पण ती कुंडी झाली तर साहेबांच्या हट्टामुळे होईल, माझ्या तोंडामुळे नाही."

मित्रांनो, तुम्ही विचाराल, की शब्दाने होडी बुडते का? मी लाकूड आहे. मला ठाऊक आहे की शब्दाने लाकूड भिजतही नाही. पण मी आणखी एक गोष्ट पाहिली आहे. जी बाई तो शब्द तोंडातून निसटू देत नाही, तीच रोज सकाळी माझ्या तळफळ्या उचलून बोटांनी सांधे चाचपते. तीच दर हिवाळ्यात मला काठावर घेऊन, जुना चुना खरवडून नवा भरते. तिच्या सासूने तिला दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकवल्या. एक सोडली तर दुसरी राहील की नाही, हे मला सांगता येणार नाही. माझ्या शेजारी एक सुंदर होडी होती, लाल खांबांची, माझ्यापेक्षा तरुण. तिच्या तळाकडे कुणी पाहिले नाही. आज तिच्यात झेंडू फुलतात. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, किती छान! आमच्यातले कुणी असे छान व्हायला मागत नाही.

गुरुवार उजाडला. चेन साहेब रांगेत शेवटी उभे राहिले. शिंगबाओने डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधला होता. पण ती माझ्या टोकावर चढली नाही. ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर, दगडावर उभी राहिली.

"कू शाओमिन!" तिने हाक दिली. एक मुलगी पुढे आली. शिंगबाओने तिचा हात धरला, तिला माझ्यात उतरवले आणि मगच पुढचे नाव घेतले. प्रत्येकाचे असेच झाले. मग तिने मान वर केली आणि बागेच्या भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली, "चेन लीचुन!"

घाटावरचे सगळे वळून पाहू लागले. साहेब जागचे हलले नाहीत. "नियम असा आहे की होडीत बसल्यावर नाव घ्यायचं."

"होडीत बसलेल्याचं नाव घेऊन काय उपयोग, साहेब? तो तर बसलाच आहे. नाव घ्यायचं ते बाहेर राहिलेल्याचं. इथं नाव घेते, नावाबरोबर हात धरते. ज्याचा हात धरला तो मागे राहत नाही. वाचता येवो न येवो." तिने हात पुढे केला. "या."

साहेबांनी तिकीट खिशात घातले. मग हात दिला. आत उतरताच दुसऱ्या हाताने त्यांनी माझा काठ घट्ट धरला.

"आणि आता आत?" बसल्यावर त्यांनी विचारले.

"आता तुम्ही कान-पूर्व."

कू शाओमिन खुदकन हसली. शिंगबाओने दोर सोडला.

पहिल्या कमानीखाली सगळे वाकले, तेव्हा साहेबांना वाकायला उशीर झाला आणि कपाळ जरासे घासले. पुढे त्यांनी माझी एक तळफळी उचलून खाली हात घातला आणि बोटे डोळ्यांसमोर धरली. ती कोरडी होती.

"पाणी येत नाही का कधी?"

"यायला बघतं," शिंगबाओ वल्हे झुलवत म्हणाली. "मी येऊ देत नाही."

मनोरा दिसला तेव्हा साहेबांनीही इतरांसारखी मान तिरकी केली. तो लिमाचा म्हातारा इथे असता, तर त्याने काय केले असते, हे मी मनात आणून पाहत होते. मला वाटते शिंगबाओही तेच पाहत होती, कारण तिथे तिने वल्हे थांबवले आणि मला नेहमीपेक्षा जास्त वेळ तरंगू दिले.

परतल्यावर साहेब म्हणाले, "मी वर कळवतो, काय ते तिथं ठरेल. नियम मी केलेला नाही." तेवढेच.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. जुन्या वस्तूला रंग लावून दाराशी मांडणे म्हणजे तिला सांभाळणे नव्हे. तिच्याकडून काम घ्या आणि ती काम करू शकेल अशी ठेवा. तिच्या तळाकडे रोज पाहा, कारण तळ कुणाच्याच फोटोत येत नाही. आणि जे हात तिला सांभाळतात, त्यांच्या चालीरीतींवर हसण्याआधी त्या हातांनी दुसरे काय काय सांभाळले आहे ते एकदा विचारा. कुंडी होण्यात अपमान नाही. पण माझ्या फळ्या अजून घट्ट आहेत, आणि मी पाण्यावरच राहायचे ठरवले आहे. माझ्या ठरवण्याला किती किंमत आहे, ते मला ठाऊक नाही.

आज शनिवार. सकाळी दोन कामगार हातगाडीवरून मातीची पोती घेऊन आले आणि घाटावर उतरवून बसले. छिद्रे पाडायचे यंत्र त्यांच्या पायाशी आहे. मागोमाग चेन साहेब आले. माझी लांबी-रुंदी मोजायला ते एकटेच माझ्यात उतरले, मापाची पट्टी उलगडली, आणि त्यांचा फोन वाजला. वरच्या कचेरीचा होता. त्यांनी फोन कानाला लावला, तोंड उघडले आणि तसेच मिटले. मग पट्टी माझ्या फळीवर ठेवून ते पायरी चढले, दोन्ही पाय दगडावर टेकवले आणि म्हणाले, "हो, चेन बोलतोय."

आठ वाजून गेले आहेत. ते अजून बोलत आहेत. कामगार पोत्यांवर बसून आहेत. रांग लागली आहे आणि शिंगबाओने शेवटच्या पायरीवर उभे राहून पहिले नाव घेतले आहे.