चौदावा प्रश्न

“सर, कॉम्प्युटर चिडला माझ्यावर,” परीक्षेच्या हॉलमधून बाहेर येत रुचिका म्हणाली. दीड तासाची परीक्षा आणि पोरगी पंचवीस मिनिटांत बाहेर! डहाणूच्या त्या केंद्राच्या फाटकाशी तिच्या आईने, नवशीने आणि मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता.

“चिडला म्हणजे?”

“एक सोडवला का पुढचा त्याहून अवघड. तुम्हीच सांगितलेलं ना, अवघड आला का ठेवायचा, सोपा आधी घ्यायचा? पण ठेवताच येत नव्हता. मंग मला समजलं, मी नापास होते. तेरा झाल्यावर ‘समाप्त’ दाबला.”

तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत मी अकरा वर्षं कंत्राटी कॉम्प्युटर मास्तर आहे. मास्तर कसला, मेलेल्या माउसांचा वैद्य. इतक्या वर्षांत शहरातल्या निवासी विज्ञान कॉलेजात फुकट जागा मिळवील अशी ही एकच पोर हाती लागली होती. त्यासाठी ही एकच परीक्षा, तीही दहावी झाली त्याच वर्षी देता येणारी. नवी परीक्षा कशी चालते, हे माहितीपत्रकात चार पानं छापलं होतं. मी शहाण्याने तारीख आणि पत्ता तेवढा वाचला. बाकी सगळं माझ्या जुन्या कागदी परीक्षांवरून शिकवलं.

निकालात गुणांच्या जागी आडवी रेघ आली. मी मदत क्रमांकावर फोन लावला, तिचा बैठक क्रमांक सांगितला.

“सर, उत्तर बरोबर आलं की संगणक मुद्दाम पुढचा प्रश्न अवघड देतो,” पलीकडची बाई म्हणाली. “मूल कुठवर पोचतं ते बघायला. हिची तेरातली अकरा बरोबर आहेत. पण वीस प्रश्नांच्या आत पातळीचा अंदाज पक्का होत नाही. असे गुण विश्वासार्ह धरत नाहीत.”

“अहो, पण अंदाज काय होता?”

“खूप वर होता, सर.”

त्या दिवशी मी वर्गातच रडलो. पोरांना वाटलं, सरांचे डोळे आलेत.

रविवारी घोलवडला गेलो. चिकू भरायच्या शेडमध्ये रुचिका आईशेजारी बसून लहान-मोठे चिकू वेगळे करत होती. मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. गप्प राहता आलं असतं. पण मग पोरगी जन्मभर स्वतःला ढ समजली असती.

“म्हंजे मला येत होता?” तिने विचारलं.

“येत होतं, बाळा. म्हणून तर अवघड येत होते.”

नवशीने माझ्याकडे पाहिलं. “मंग मार्क किती पडलं, सर?”

“रेघ आहे, नवशीताई.”

रुचिकाने ओढणीने डोळे पुसले. “सर, चौदावा काय असता?”



तिने हातातला चिकू मोठ्या चिकूंच्या खोक्यात ठेवला आणि पुढचा उचलला.