एक्केचाळीस नंबरची गाडी

घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्रावर वजनकाट्यावर कोणाची गाडी घ्यायची, ते कॉम्प्युटर भोंग्यातून पुकारायचा. रविवारी तिथल्या ऑपरेटर रुपालीनं त्यातलं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, नवं केलं आणि सोमवारी भोंगा मुका झाला. बाहेर शंभरेक बैलगाड्या जुंपून उभ्या.

"चालू मशीनले हात कायले लावला वो पोरी?" काट्यावरून वजन करणारे धनसिंगकाका ओरडले.

रुपालीनं भोंग्याच्या मशीनचं आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं, स्क्रीनवरच्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या शंभरावर नेल्या. भोंगा ढिम्म. वायर काढून पुन्हा खोचली, तरी तेच. बाहेर गाडीवान शिव्यांवर आले होते.

तेवढ्यात एका पट्टीखाली तिला दोन बारीक 'एम' दिसले, म्हणजे 'म्यूट'. नव्या लिनक्सनं तो आवाज आपल्याच मनानं बंद करून ठेवला होता! तिच्या जिवात जीव आला. तिनं 'एम'ची कळ दाबली.

"गाडी नंबर एक्केचाळीस!" भोंगा असा गरजला की खिडकीच्या काचा थरथरल्या. पिळलेलं बटण तिला तेव्हा आठवलं.

बैल उधळले. काका काट्यावरून उडी मारून भिंतीला चिकटले. एक्केचाळीस नंबरची जोडी कापसासकट फाटकाबाहेर सुसाट निघाली होती, आणि भोंगा तिलाच पुन्हा पुन्हा बोलावत होता.