‘प्रिटेंड’चा अर्थ

दोन निळ्या खुणा. सकाळपासून त्या तशाच, तिच्या पाच वाक्यांच्या खाली – म्हणजे नवऱ्याने, सेगुंदोने वाचलंय, वाचून गप्प बसलाय... एल्वियाने मशीनखाली बुटाचं कातडं सरकवलं, चार टाके घातले आणि पुन्हा मोबाईलकडे पाहिलं. मेल्या, काहीतरी बोल की!

चूक तशी साधी. अंबातो शहरातल्या त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाचा मोबाईलवर गट आहे; मिस यादिरा रोज विषय देतात, बायका पाच वाक्यं लिहून धाडतात. कालचा विषय होता, माझं पुढचं आयुष्य. स्पॅनिशमध्ये आपण ‘प्रेतेंदो’ म्हणतो, म्हणजे माझा इरादा आहे. तेच तिने इंग्रजीत ओढलं – आय प्रिटेंड टु लिव्ह विथ माय हजबंड. आय प्रिटेंड टु लव्ह हिम. आणि शहाणपण बघा, मिसनी तपासायच्या आतच नवऱ्याला पाठवून मोकळी! नऊ वर्षं तो न्यूयॉर्कला भिंती रंगवतोय, तिच्या व्हिसाचे कागद त्यानेच भरलेत, बायकोचं इंग्रजी बघून हरखेल म्हणून...

मग गटावर मिसचा आवाजातला निरोप आला, "एल्वियाबाई, वाक्यं छान, पण अहो, प्रिटेंड म्हणजे सोंग करणं! इरादा असेल तर ‘इंटेंड’ लिहा. दुरुस्त करून पाठवा हं." खाली दहा हसरे चेहरे.

शेजारची तार्गेलिया, वर्गातलीच, उकडलेली कणसं घेऊन आत आली.

"काय गं, अजून त्या फोनच्याच तोंडाकडे बघत बसलीस? चूक झाली म्हणून लिही त्याला. एका ओळीचं तर काम!"

"लिहिते."

"मग लिही ना! का खरंच सोंग आहे?" असं म्हणून ती खदखदून हसली आणि कणसं ठेवून गेली. एल्वियालाही हसू आलं होतं, पण ते मध्येच अडकलं.

एका ओळीचं काम – आणि अंगठा पुढे सरकेना. चूक झाली असं लिहायचं तर काय चुकलं ते ठाऊक नको का... रविवारी त्याचा फोन येतो, ती केस विंचरून बसते, मलाही तुझी आठवण येते म्हणते – येते का? पूर्वी त्याच्या बनियनचा वासही आठवायचा. आता तो फोनवर मचमच करत जेवतो, तेवढंच लक्षात राहतं. मग हे सोंगच की! पण सोंग असतं तर सकाळपासून दर चार टाक्यांनी फोन कशाला बघतेय? त्याला लागलं असेल या विचाराने आज एक जोड वाया गेला. का भीती नुसती कागदांची आहे, त्याने ते मागे घेतले तर... देवा, मला माझंच कळेना.

मोबाईलवर ‘लिहीत आहे’ आलं. गेलं. पुन्हा आलं. मग एकच ओळ, इंग्रजीत – आय प्रिटेंड टू. मीसुद्धा.

तिने ती तीनदा वाचली. हा माणूस इंग्रजी पुस्तकातून कुठे शिकलाय, रंगाऱ्यांच्या टोळीत शिकलाय. निम्मी स्पॅनिशच ती. तेव्हा मीसुद्धा म्हणजे त्याचाही तोच इरादा, का तोही... मिसना विचारावं? मिसना शब्द कळेल, सेगुंदो थोडाच कळणार आहे. आधी राग आला, मग चक्क हसू, मग डोळे भरून आले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच या माणसाच्या मनात काय चाललंय ते तिला खरोखर जाणून घ्यावंसं वाटत होतं, आणि कुठल्या भाषेत विचारावं हे काही केल्या सुचत नव्हतं.