एकाच झाडाचा मळा

मित्रांनो, मी वाळुंजाचं एक जुनं झाड आहे आणि मला माझ्याच पानांची किळस आली आहे. असं कोणी झाड बोलतं का, असं म्हणू नका. आधी ऐका तर खरं.

झाड म्हणत असले तरी मी बाई आहे बरं. आमच्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. मालवणच्या अलीकडे, वहाळाच्या काठावर माझा जन्म झाला. वरच्या वळणावर एक नर वाळुंज होता. त्याचे पराग आले की माझं बी धरायचं, आणि त्या बियांतून निघालेलं एकेक पोर निराळं असायचं. कोणी उंच, कोणी किडकं, कोणी सालीला जहर कडू. मी स्वतः मात्र गुळमट. काठावरच्या भाताच्या मळ्याची मालकीण सिसिलिया. तिच्या सासूने एकदा तापासाठी माझी साल उकळून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ह्येची नको गो. वयल्या झाडाची साल हाड. ती कडू आसा, तीच तापाक बरी," असं म्हणून तिने वरच्या नराची साल आणायला सांगितली. मला तेव्हा राग आला होता.

मग २००६ साली एका इंधन कंपनीचे साहेब आले. त्यांनी काठावरच्या सगळ्या वाळुंजांच्या फांद्या तपासायला नेल्या आणि महिन्याभराने नाचतच परत आले. म्हणे, माझ्या लाकडात लिग्निन कमी, म्हणजे चिवटपणा कमी. सेल्युलोज भरपूर, त्याची साखर होते आणि साखरेचं गाडीत घालायचं इंधन होतं. शिवाय सालीत कडू द्रव्य नावालाच, त्यामुळे आंबवताना अडचण नाही. अहो, काय ते कौतुक! मी फुगले, खोटं कशाला सांगू? 

"फक्त ह्याच झाडाच्या काठ्या खोचायच्या," साहेब म्हणाले. "तीन वर्षांनी बुंध्यापासून छाटलं की पुन्हा फुटतं. मळा कधी रिकामा राहणार नाही."

सिसिलियाचा नवरा लिनो भुलला. लावणीला वाकून वाकून त्याची कंबर गेली होती. काठी खोचा आणि घरी बसा, हे त्याला गोड लागलं.

सिसिलिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मळ्यात भात पिकता म्हणान आमच्या घरात वरीसभर चूल पेटता. ह्या लाकूड काय शिजवन खावचा?"

"अगो, हापूसची कलमां खंयसून इली? एकाच बऱ्या झाडाची मां? मगे ह्येची कित्याक नको?" लिनो म्हणाला.

झालं! कोकणी माणसाला कलम म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही. अरे शहाण्या, हापूसचं कलम बांधतात ते रायवळच्या, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याच्या रोपावर. वरचा आंबा एकच असला तरी जमिनीतली मुळं दरेकाची वेगळी. माझ्या नुसत्या काठ्या! वर मी, खाली मी. पण झाडाचं ऐकतो कोण? सिसिलियाच्या भाताच्या मळ्यात माझ्या काठ्या ओळीने उभ्या राहिल्या.

शी! जिकडे बघावं तिकडे मीच. तीच पानं, तोच बाक, तोच गुळमटपणा. त्यात एक मूल नाही, एक भावंड नाही. बघून बघून मला वीट आला.

तिसऱ्या वर्षी भुंगेरे आले. वरच्या वळणावरच्या कडू नराला त्यांनी एकदा चाखलं आणि सोडून दिलं. मळ्यात मात्र त्यांना जेवणावळच मिळाली. एकीची साल रुचली म्हणजे सगळ्यांचीच रुचली. पानं गेली, साल गेली, उरल्या चिकट काळ्या काठ्या आणि अळ्यांची घाण. तिचा वास घरापर्यंत जायचा. साहेब नाकाला रुमाल लावून आले, फोटो काढले आणि गेले ते गेलेच.

लिनोने काठ्या तोडल्या आणि पॉवर टिलर फिरवून सगळं चिखलात मिसळलं. हरे राम! वाळुंजाचा वीतभर तुकडाही ओल्या मातीत रुजतो. पावसात हजार ठिकाणांहून मी पुन्हा उगवले. सिसिलियाने लावलेलं भात माझ्या सावलीत पिवळं पडलं. ती रोज उतरायची, उपटायची, आणि मी रोज फुटायचे. हात सोलले बिचारीचे. मला थांबता येत असतं तर मी थांबले असते हो!

मग आज नव्या कणसांचा सण आला. या दिवशी आमच्याकडची ख्रिस्ती कुटुंबं आपापल्या शेतातली पहिली कणसं चर्चमध्ये नेतात. सिसिलियाच्या मळ्यात एक कणीस धरलं नव्हतं. पलीकडच्या शेताची मालकीण आनंदी, कणसांची जुडी घेऊन बांधावर आली. "घे गो, माझ्या शेतातली आसत. ने."

सिसिलियाने जुडीवरून हात फिरवला आणि परत दिली. "देवान इचारला, सिसिलिया, तुझो मळो खंय, तर काय सांगू?"

लिनो मान खाली घालून पायातला चिखल काढत बसला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मला काय धाड भरली आहे? तोडलं तरी मी जगते. ज्याला एकदा तोडलं की संपतं, त्या भाताची काळजी घ्या. आणि कोणी एकाच झाडाचं फार कौतुक करू लागला, तर शेजारच्या कडू झाडाचीही चौकशी करा. सिसिलिया आज एकटीच चर्चला गेली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.