शिवकांतशी भांडायचं नाही

चार महिने झाले, शिवकांतशी कुणी भांडलं नव्हतं.

सोनपेठच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारा हा माणूस गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवायचा नाही, बायकोवर तर नाहीच. त्याच्यातलं सगळं भांडण त्यानं एकाच गोष्टीसाठी राखून ठेवलेलं होतं. अमेरिकेतला बास्केटबॉल. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे उजाडतं, म्हणून तिथले सामने इथे सकाळच्या चहाबरोबर यायचे. समोरच्या खोलीत भुजंग आपला मोबाइल टीव्हीला जोडून द्यायचा, शिवकांत लोडाला टेकून बसायचा, आणि सिद्धोधन मास्तर दारातूनच तोंड सोडत यायचा.

पडद्यापलीकडे देवघर. धनश्री तिथे पाटावर बसलेली असायची. सासूबाई गेल्यापासून तिनं नेम धरला होता. उठल्यापासून पूजा होईपर्यंत तोंडात पाणी नाही आणि तोंडातून शब्द नाही. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ती डोळे मिटायची, आणि कानांवर यायचं ते हे असलं काहीतरी.

"आरं, जॉर्डनचं नाव काडायचं तर आधी हात धू!"

"धुतले. सोनपेठच्या नळाला पाणी आलं होतं आज, तुज्या नशिबानं."

पहिली काही वर्षं तिला याचा राग यायचा. मग सवय झाली. पुढे पुढे तर तो गलका नसला की तिचंच चित्त लागेना. भांडणातलं मनात काही शिल्लक राहायचं नाही. चहाचे कप खाली ठेवले की एक दुकानाकडे, एक शाळेकडे. दोघं एका वर्गातले, शाळेच्या संघातले. तेव्हा मैदानाला एकच रिंग होती, तीही वाकडी. सिद्धोधन पुढे खेळाचा मास्तर झाला. त्याच्या मोटारसायकलच्या नंबरपाटीखाली लाल रंगात तेवीस रंगवलेलं होतं, जॉर्डनचा आकडा. भुजंग दोघांहून लहान. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि ज्याचा चहा आधी येईल त्याच्या बाजूनं बोलायचा.

शिवकांतचं एक मत मात्र दगडासारखं होतं. खेळाडूनं संघ सोडू नये. डॅलसच्या डर्कचं नाव तो मठातल्या स्वामींचं घ्यावं तसं घ्यायचा. उभी हयात एका संघात, कप एकच, पण इज्जत बघा. डर्कच्या मागून त्याच संघात आलेला लुकाही तसाच राहणार, हे त्यानं सगळ्यांना लिहून दिल्यासारखं सांगून ठेवलेलं.

आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी बातमी आली. डॅलसनं लुकाला दुसऱ्या संघाला, लेकर्सला, देऊन टाकलं होतं.

सिद्धोधन त्या दिवशी दुकानातच गेला. धनश्री जेवणाचा डबा घेऊन मागच्या दारानं आली तेव्हा दोघं भांड्यांच्या उतरंडींमध्ये उभे होते.

"कुटं गेला तुजा लुका, मालक?"

"त्यो गेला न्हाई. त्याला दिला. बेइमानी संघाच्या मालकाची हाय, त्याची न्हाई."

"मंग? मालक जर असं करायलाय तर खेळाडूनं खुट्याला बांधून का ऱ्हावं? पैसा भेटंल तितं जावं, मान भेटंल तितं जावं."

"जाग्यावर ऱ्हाण्यात मान असतो, सिध्या."

"तुला काय जातंय बोलायला! बापाचं दुकान बसल्याजागी भेटलं. माज्या आज्जानं जागा सोडली, काम सोडलं, धर्म बदलला, तवा मी मास्तर झालो. जाग्यावर ऱ्हायला असता तर आज तुजं दुकान झाडत असतो मी."

"आला का! बास्केटबॉलवरून छप्पन सालावर आला का!" शिवकांत हसायला गेला, पण त्याचा चेहरा तांब्याच्या घागरीसारखा लाल झाला होता. कपाळाची शीर धनश्रीला लांबून दिसत होती. "लुका तितं कप जिंकू दे, मी तुजं नाव सांगत फिरतो गावभर. न्हाई जिंकायचा. बिलकुल न्हाई."

"आन् जिंकला तर?"

"तर तुज्या गाडीवर लुकाचा सत्त्याहत्तर मी सोता रंगवतो!"

दोघंही मग हसले. पण धनश्रीच्या डोळ्यांपुढून ती शीर गेली नाही.

दोनच दिवसांनी शिवकांतनं वरच्या फळीवरची परात काढायला हात उंचावला आणि तो परातीसकट खाली आला. आवाज आख्ख्या बाजारानं ऐकला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर बरंच काही बोलले. रक्तदाबाच्या गोळ्या यांनी मधेच सोडल्या होत्या, असंही म्हणाले. धनश्रीच्या कानात एवढंच शिरलं, की आता यांना त्रास होऊ देऊ नका. बाहेर बाकावर सिद्धोधन डोकं धरून बसला होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"भाऊजी, एक मागते."

"वहिनी, हात जोडू नका. काय पायजे ते बोला."

"ह्यांच्याशी आता भांडायचं न्हाई. म्हणतील त्याला हो म्हणा. चूक म्हणले तरी हो म्हणा. भुजंगलाबी सांगा."

सिद्धोधन बाकावरून उठला. मग मान हलवली. "दिला शब्द."

त्यानं तो पाळला. मार्चात शिवकांत घरी आला, लोडाला टेकून बसायला लागला, आणि सकाळचे सामने पुन्हा सुरू झाले. पण दारातून तोंड सोडत येणारा मास्तर आता चपला हळू काढून आत यायचा. शिवकांत बोलायला लागला की दोघं माना कलत्या करून थांबायचे. शब्द ओठावर येऊन घोटाळायचा, लाळ यायची, मग वाक्य बाहेर पडायचं. आणि ते संपायच्या आत सिद्धोधन म्हणायचा, "बरोबर हाय तुजं." भुजंग म्हणायचा, "एकदम बरोबर, शिवाभाऊ."

पडद्यामागे धनश्रीला वाटायचं, घर कसं शांत झालं. स्वतःची पूजा झाली की ती बाहेर येऊन नवऱ्याची पूजा करवून घ्यायची. लिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, आणि तो तळवा तर उघडत नव्हता. ती एकेक बोट सरळ करायची, खालून आपला हात लावायची आणि त्याचं इष्टलिंग वर ठेवायची. दोन हातांवर एक देव. इतका जवळ हा माणूस आपल्याला कधी मिळाला नव्हता, असंही तिच्या मनात येऊन जायचं, आणि मग तिचं तिलाच कसंतरी व्हायचं.

जूनमध्ये अंतिम फेरी लागली. ओक्लाहोमा आणि इंडियाना, तीन-तीन बरोबरी, शेवटचा सामना सोमवारी पहाटे. शिवकांत दिवस उगवायच्या आधीच उठून बसला होता. उजव्या हातानं त्यानं केसही विंचरले होते.

इंडियानाच्या हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली. तरी तो उतरला. चांगला खेळतही होता. आणि पहिल्याच भागात, कुणाचा धक्का नाही की काही नाही, पाऊल टाकता टाकता तो कोसळला. पालथा पडून तळहातानं जमीन बडवायला लागला. सिद्धोधनच्या तोंडून "आरारारा" निघालं. धनश्रीनं डोळे मिटले होते, तरी काहीतरी पडलं हे तिला कळलं.

मग शिवकांत बोलला.

"खेळायला... नको होतं त्यानं."

"बरोबर," सिद्धोधन म्हणाला. "पायाची वाट लावून घेतली खामखा."

सामना चालू राहिला. शिवकांतची नजर टीव्हीवर नव्हती. तो सिद्धोधनकडे बघत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "खेळला... ते लय बरं केलं. बसून... ऱ्हाण्यापरीस."

"हां," सिद्धोधन म्हणाला. "तेबी बरोबरच हाय."

"एकदम बरोबर," भुजंग म्हणाला.

आतमध्ये धनश्रीच्या हातावरचं लिंग थंड लागायला लागलं. काय चाललंय हे तिला त्या दोघांच्या आधी कळलं होतं.

शिवकांतनं लाळ पुसली. दम घेतला. आणि एकेक शब्द तोलून ठेवला.

"जॉर्डन... चारदाच... जिंकला."

जॉर्डनचे कप सहा. धनश्रीला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तिच्या जपापेक्षा जास्त वेळा तो आकडा त्या पडद्यातून आत आला होता. सिद्धोधनशी या आकड्यावरून कुणी थट्टा केली तरी तो पेटून उठायचा. तिनं श्वास रोखला. बाहेर भुजंगची मोबाइलवर फिरणारी बोटंही थांबली असावीत.

"हां," सिद्धोधनचा आवाज आला. "चारदाच."

टीव्हीतली गर्दी तेवढी ओरडत होती.

"सिध्या," शिवकांत म्हणाला, आणि या वेळी शब्द कुठेही अडला नाही. "मी मेलो का रे?"

"आरं, काय बोलायलास..."

"कोणी सांगितलं... तुला? हो म्हणायला?"

धनश्रीचे ओठ उघडले. मी, एवढाच एक शब्द होता. पण पूजा व्हायची होती, विभूती लागायची होती, आणि नेम मोडायचा नव्हता. ती बसून राहिली.

"कोणी न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "मीच इसरलो. वय झालं गड्या."

त्या दिवशी ओक्लाहोमा जिंकलं. पण ते या घरात कुणी पाहिलं नाही. धनश्री पूजा आटोपून बाहेर आली तेव्हा टीव्ही बंद होता, चहावर साय धरली होती आणि शिवकांत भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती लिंग घेऊन त्याच्याजवळ बसली, त्याची बोटं उघडायला लागली. त्यानं उजव्या हातानं तिचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे."

"आहो, पूजा..."

"तू... ऐकत हुतीस की." एवढंच तो म्हणाला.

तिच्या नेमात आजवर कधी खंड पडला नव्हता. पण त्या सकाळचं मौन देवाला पोचलं असेल, असं तिला पुढे कधीही वाटलं नाही.

संध्याकाळी ती सिद्धोधनच्या घरी गेली. त्याच्या बायकोनं, सत्यशीलानं, पाणी आणून दिलं आणि दोघांची तोंडं बघून ती आत निघून गेली.

"भाऊजी, तुमचा शब्द माघारी घ्या. भांडा त्यांच्याशी. पयल्यासारखं भांडा."

सिद्धोधन खुर्चीच्या हाताचं रंग उडालेलं लाकूड नखानं खरवडत राहिला. "शब्द तुमी मागितला म्हणून म्या पाळला, असं समजू नका वहिनी. सोपा होता म्हणून पाळला. त्याची जबान अडती, तोंड वाकडं होतंय, मला बघवत न्हाई. हो म्हणलं की लवकर मिटतंय." तो थांबला. "आता भांडायचं म्हणलं तर कुटून आणू?"

"आणा कुटूनबी," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज परक्या घरात चढला होता. "मी बिघडवलं, तुमी नीट करा."

तो हो म्हणाला. पण त्या दिवसानंतर शिवकांतनं सामने लावूच दिले नाहीत, आणि हंगामही संपला होता. पावसाळा असाच गेला. पूजा तो एका उजव्या हातानं, त्याची त्याची करायचा. वाकडी व्हायची, तरी तिला हात लावू द्यायचा नाही.

नवा हंगाम दिवाळीच्या पाडव्याला सुरू झाला. सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली आणि कितीतरी महिन्यांनी दारातूनच आवाज आला.

"काय मालक! झोपलाव का मेलाव?"

धनश्री पूजा उरकून ओवाळणीचं ताट लावत होती. तिनं ताट तसंच खाली ठेवलं. भुजंगनं न विचारता टीव्ही जोडला. शिवकांत नको म्हणाला नाही. लोडाला टेकून तो सरळ बसला.

लेकर्सचा सामना होता. लुका एकटा सगळ्या संघाला पुरून उरत होता. टाकेल तो चेंडू जाळीत.

"बग, बग तुजा लुका!" सिद्धोधन मांडीवर थाप मारून ओरडला. "गेला तर बिगाडलं का त्याचं? का कमी झाला? म्या म्हणलो होतो का न्हाई, माणसानं जागा सोडावी! तुजा डर्क बसला एका कपावर आंडी उबवत!"

भुजंग हसला. जरा जास्तच मोठ्यानं हसला.

शिवकांतच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यानं तोंड उघडलं. धनश्री पडदा धरून उभी होती, देवाचं नाव घेत. बोला आहो, बोला.

आणि सिद्धोधननं, एवढं ओरडून झाल्यावर, मान वळवून पडद्याकडे पाहिलं. असं बरोबर झालं का वहिनी, एवढंच त्या नजरेत होतं. क्षणभराचंच. शिवकांतनं ती नजर पकडली. तिच्या मागोमाग जाऊन त्यानं बायकोचा चेहरा पाहिला, मग पुन्हा मित्राचा. सिद्धोधनच्या कपाळावर घाम होता. पाडव्याच्या थंडीत.

शिवकांतचं उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. त्यानं उजवा हात पुढे करून सिद्धोधनच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुजं... बरोबर हाय, सिध्या."

"असं कसं? आरं बोल की! डर्कचं बोल. बेइमान म्हण मला, काय तर म्हण!"

"न्हाई." तो गुडघा थोपटत राहिला, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा. "तुजंच... बरोबर."

सामना संपेपर्यंत तिघं बसून होते. लेकर्स हरले. भुजंगनं वायर गुंडाळली.

धनश्री दारापर्यंत गेली. सिद्धोधननं चपला घातल्या, गाडीची किल्ली दोनदा खाली पाडली. ती त्याला काही सांगणार, तेवढ्यात तोच म्हणाला,

"तीस वर्षं घातली. आज जिंकलो, वहिनी."

त्यानं गाडीला किक मारली, आणि पाटीखालचं लाल तेवीस गल्लीच्या वळणावर दिसेनासं झालं. आत ताटातलं निरांजन अजून जळत होतं. ओवाळायचं राहिलंच होतं.